वाचक विचारतात: जुनं घर आणि नसलेलं अर्थिंग

मागच्या अंकात पावसाळ्याआधी घरातलं वायरिंग एकदा बघून घ्या असं लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आणि मेसेज आले त्यातले बहुतेक सगळे फिरून अर्थिंगवरच येतात, म्हणजे मशीनच्या बाहेरच्या पत्र्यावर, बॉडीवर, आलेला करंट जमिनीत नेणाऱ्या वायरीवर. साहजिक आहे, कारण जुन्या चाळी, वाडे, गावाकडची घरं यात वायर ओढली तेव्हा दोनच ओढल्या, करंट आणणारी फेज आणि तो परत नेणारी न्यूट्रल. दिवे, पंखा, रेडिओ एवढ्यापुरतं ते चालून गेलं. आता त्याच वायरींवर गिझर, फ्रिज, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह आलेत आणि या प्रत्येकाच्या प्लगला तिसरी पिन आहे, ती मात्र भिंतीत कशालाच जोडलेली नाही. म्हणून यावेळी इतर प्रश्न बाजूला ठेवून हाच विषय घेते.

प्रश्न: आम्ही गिरगावात चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. वायरिंग आजोबांच्या काळातलं, लाकडी पट्टीवरून गेलेलं. नवीन वॉशिंग मशीन मोरीला लागून ठेवलंय, त्याला हात लावला की झिणझिण्या येतात, पाय ओले असले की जास्तच. मशीन बसवायला आलेला माणूस म्हणाला की तुमच्याकडे अर्थिंग नाही. आमचा वायरमन म्हणतो खालून वायर आणायला फार खर्च येईल, त्यापेक्षा सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून एक तुकडा अर्थच्या टर्मिनलला जोडून देतो, सगळ्या चाळीत असंच आहे. करून घेऊ का?

नाही. हे अजिबात करू नका, आणि चाळीत कोणी आधीच करून घेतलं असेल तर त्यांनाही हे वाचायला द्या.

आधी झिणझिण्यांचं सांगते. आजकालच्या मशीनमध्ये एक फिल्टर असतो, त्यातले छोटे कपॅसिटर एका बाजूने फेजला, एका बाजूने न्यूट्रलला आणि मधोमध बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यातून येणारा बारीकसा करंट गुपचूप जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर बॉडी अधांतरी राहते आणि तिच्यावर साधारण २३० च्या निम्मे म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दिसतात. करंट फार थोडा असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण खरी मेख अशी आहे की हीटरचं किंवा मोटरचं इन्सुलेशन खराब व्हायला लागलं तरी सुरुवातीला झिणझिण्याच येतात आणि बोटाला त्या दोन्हीतला फरक कळत नाही. त्यामुळे "एवढं काय, जरासं चावतं" असं म्हणून सोडून देऊ नका. मशीन मोरीला लागून आहे, फरशी ओली, पाय ओले, म्हणजे करंटला अंगातून जायला वाट तयारच आहे. तपासणी होईपर्यंत कपडे टाकताना काढताना प्लग काढूनच ठेवा, नुसतं बटण बंद करून भागणार नाही, कारण जुन्या बोर्डात बटण फेजऐवजी न्यूट्रलवर लागलेलं असणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही.

आता तो न्यूट्रलचा तुकडा. वायरमन म्हणतो त्यात वरवर खोटं काही नाही, ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रल जमिनीला जोडलेलाच असतो, तुकडा टाकला की झिणझिण्या थांबतात आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण तुमच्या सॉकेटपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत त्या न्यूट्रलमध्ये किती जोड आहेत ते बघा. सॉकेट, बोर्ड, मेन स्विच, मीटर, खालची मीटर रूम. यातला एक जरी जोड ढिला झाला, गंजला, उंदराने वायर खाल्ली, की काय होतं? फेज मशीनमधून न्यूट्रलवर येतो, न्यूट्रल पुढे तुटलेला, तुकड्यामुळे तो बॉडीवर येतो आणि मशीनच्या पत्र्यावर २३० व्होल्ट उभे राहतात. मशीन बंद पडलेलं दिसतं म्हणून माणूस जवळ जातो, काय झालं बघू म्हणून हात लावतो.

आणि जुन्या चाळीत याला आणखी एक सोय करून ठेवलेली असते. तुमच्या मेन बोर्डावर पांढऱ्या चिनीमातीचे दोन किटकॅट फ्यूज शेजारी शेजारी आहेत का बघा. असतील तर त्यातला एक फेजचा आणि दुसरा बहुतेक न्यूट्रलचा. पूर्वी दोन्हीला फ्यूज लावायची पद्धत होती. यातला न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर घरातली सगळी लाईट जाते आणि सगळ्या वायरींवर फेज मात्र तसाच असतो. त्यात सॉकेटमध्ये तो तुकडा असेल तर फ्यूज उडाल्याच्या क्षणी, आणि पुढे कोणी टॉर्च घेऊन फ्यूज बांधेपर्यंत, मशीनची बॉडी जिवंत. बरं, कोणी बोर्डात काम करताना फेज-न्यूट्रल उलटे जोडले तर तेवढंही थांबावं लागत नाही, प्लग घातला की लगेच बॉडीवर फेज. न्यूट्रलवरचा फ्यूज काढून तिथे सरळ लिंक, म्हणजे न उडणारा पक्का जोड, टाकायला सांगा, हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि बाकी काही जमलं नाही तरी हे कराच.

दुसरा एक जुगाड म्हणजे नळाच्या पाईपला वायर गुंडाळणं. पूर्वी लोखंडी पाईप जमिनीतून येत होते तेव्हा लोकांनी खूप केलं. आता मध्येच कुठेतरी प्लास्टिकचा तुकडा बसवलेला असतो, मग तो पाईप जमिनीला लागतच नाही आणि तुमच्या मशीनमधून गळणारा करंट वरच्या बिऱ्हाडातल्या नळाला येतो. दुसऱ्याच्या पोराला शॉक बसेल असं काही करू नये.

मग करायचं काय? माझ्या मते क्रम असा ठेवा. आधी आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच, आणि तो या महिन्यात. हा ३० मिलीअँपचा घ्या, खोक्यावर आणि वर छापलेलं असतं, १०० किंवा ३०० वाला घरात माणसाच्या जिवासाठी चालत नाही. दुकानदार कधीकधी एमसीबी हातात ठेवतो, दिसायला सारखाच, पण एमसीबी जास्त लोड आणि शॉर्टसर्किट बघतो, माणसाला शॉक बसतोय हे त्याला कळत नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत मोजतो, फरक पडला की सेकंदाच्या लहानशा भागात लाईन तोडतो. या मोजमापाला अर्थिंगची गरजच नाही, म्हणून जुन्या दोन वायरींच्या घरातसुद्धा तो काम करतो. त्याच्यावर टी लिहिलेलं बटण असतं ते महिन्यातून एकदा दाबायचं, खटका पडला पाहिजे.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते, अर्थिंग नसताना आरसीसीबी पडतो तो तुम्ही हात लावल्यावर. म्हणजे दणका बसतो, जीव वाचायची शक्यता खूप वाढते, एवढंच. अर्थिंग असेल तर गळती सुरू होताक्षणी, कोणी हात लावायच्या आधीच तो पडतो. आणि एक हात फेजला, दुसरा न्यूट्रलला लागला तर आरसीसीबीला तुम्ही म्हणजे एक बल्बच वाटता, तिथे तो काही करू शकत नाही. म्हणून दुसरी पायरी अर्थिंगची. खालच्या मीटर रूमपाशी वीजपुरवठादाराने अर्थिंगचं टर्मिनल द्यायचं असा नियम १९५६ च्या इंडियन इलेक्ट्रिसिटी रूल्सपासून चालत आलाय. तिथून एक हिरवी वायर जिन्याच्या कडेने पाईपमधून वर आणायची. एकट्याने केलं तर खर्च वाटतो, पण मजल्यावरच्या सगळ्यांनी मिळून एक जाड वायर वर घेतली आणि तिथून प्रत्येकाने आपापली शाखा काढली तर कुणाच्याच खिशाला जड जात नाही. चाळ कमिटीच्या मीटिंगमध्ये रंगकामाच्या आधी हा विषय घ्या. घरातल्या घरात सगळीकडे शक्य नसेल तर निदान मोरी, गिझर आणि ओट्यावरचं सॉकेट या तीन ठिकाणी अर्थची वायर न्या, १६ अँपच्या सॉकेटला ती अडीच स्क्वेअर एमएमची असू दे.

आणि काम लायसन असलेल्याकडूनच करून घ्या, टेस्ट रिपोर्ट मागा. तोंडी "झालं ताई" चालणार नाही.

प्रश्न: पुण्यात सदाशिव पेठेत वाड्यात भाड्याने राहतो. मालक म्हणतात मागच्या वर्षी सगळी सॉकेट बदलून तीन पिनची केली, म्हणजे अर्थिंग झालं. खरंच झालंय का हे कसं कळणार?

तीन भोकं म्हणजे अर्थिंग नाही. मागे वायर आहे का ते महत्त्वाचं, आणि जुन्या वाड्यांमध्ये नवं चकचकीत सॉकेट उघडलं की वरचं टर्मिनल रिकामंच असतं हे इतक्या वेळा दिसतं की आधी तोच संशय घ्यावा.

मेन बंद करून वायरमनकडून एक सॉकेट उघडून घ्या. वरच्या जाड पिनच्या टर्मिनलला हिरवी किंवा हिरवी-पिवळी वायर आहे का? नसेल तर प्रश्नच मिटला. खालून काळ्या वायरीचा छोटा तुकडा वर आलेला असेल तर तो वरच्या उत्तरातला न्यूट्रलचा उद्योग, लगेच काढून टाकायला सांगा. हिरवी वायर असेल तरी ती पुढे कुठे जाते ते बघावं लागतं, कारण ती बोर्डापर्यंत येऊन तिथेच टेप लावून सोडून दिलेली असते.

मीटरने बघायचं तर फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये एकदोन व्होल्ट यायला हवेत. फेज-अर्थला शंभरच्या घरात काहीतरी हलता आकडा आला तर ती वायर अधांतरी आहे. आता यात फसगत कुठे होते ते सांगते. न्यूट्रलचा तुकडा टाकलेल्या सॉकेटमध्येही मीटर अगदी छान आकडे दाखवतो. तेव्हा त्याच लाईनवर इस्त्री चालू करा आणि न्यूट्रल-अर्थ परत बघा. खरं अर्थिंग असेल तर लोडमुळे आकडा थोडा तरी वर सरकतो. इस्त्री तापतेय आणि तरी आकडा शून्यच, तर आत तुकडा असणार असं समजून सॉकेट उघडा.

जुने वायरमन टेस्ट लॅम्प लावतात, ते मला मीटरपेक्षा बरं वाटतं, कारण त्यात खरोखर करंट वाहतो. पण त्यासाठी जुना तारेचा बल्ब हवा, साठ किंवा शंभर वॅटचा, एलईडी नको, तो जराशा करंटवरही मिणमिणतो आणि काहीच कळत नाही. बल्ब फेज-न्यूट्रलला जितका उजळ तितकाच फेज-अर्थला लागला पाहिजे. आरसीसीबी असेल तर बल्ब लागायच्या आत खटका पडेल, पडला तर चांगलंच, म्हणजे अर्थ आहे. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा आणि वायरमनलाही सांगा, ही टेस्ट करायच्या आधी घरातले सगळे तीन पिनचे प्लग काढून ठेवायचे. का, तर घरभरच्या हिरव्या वायरी एकमेकींना जोडलेल्या असतील पण जमिनीला नसतील, तर बल्बमधून त्यांच्यावर फेज जातो आणि तेवढा वेळ स्वयंपाकघरातला फ्रिजसुद्धा करंट मारतो. ही टेस्ट तुम्ही स्वतः करू नका. भाडेकरू असलात तरी मालकांकडे रिपोर्ट मागा, त्यात संकोच कसला.

प्रश्न: आमचं गुहागरजवळ जांभ्याचं जुनं घर आहे, घरामागे अर्थिंगचा खड्डा आहे, कोळसा-मीठ घालून बाबांनी करून घेतलेला. गेल्या वर्षी आरसीसीबी बसवला तर पावसाळ्यात सारखा पडतो. वायरमन म्हणाला चांगलं अर्थिंग आहे ना, मग हा काढून टाका. काढू का?

काढू नका, तो पडतोय म्हणजे कुठेतरी गळती आहे, ती शोधा.

चांगलं अर्थिंग आहे म्हणून आरसीसीबी नको हा समज फार पसरलाय, म्हणून आकड्यांत दाखवते. समजा तुमच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, २० ओहम आहे. फेज बॉडीला लागला तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँप करंट जाईल. तुमचा एमसीबी १६ अँपचा, त्याला हा नेहमीचा लोडच वाटणार, तो कधीच पडणार नाही आणि बॉडीवर व्होल्टेज तसंच राहणार. खड्डा अगदी ५ ओहमचा असला तरी ४६ अँप होतात, त्यावरही एमसीबी पटकन पडेल याची खात्री नाही. आरसीसीबीला मात्र ३० मिलीअँप पुरतात, म्हणजे खड्डा खराब होऊन १०० ओहम झाला तरी दोन-सव्वादोन अँप जातील आणि तो लगेच पडेल. अर्थिंग आणि आरसीसीबी मिळून काम करतात, एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

कोकणात तर हे जास्तच लागू. जांभा सच्छिद्र, पाऊस पडला की पाणी खाली निघून जातं आणि एप्रिल-मेमध्ये जमीन अशी सुकते की पावसात उत्तम असलेला खड्डा तेव्हा नावापुरता उरतो. मिठाने ओल धरते पण तेच मीठ लोखंडी पाईप खातं. तुमच्या बाबांच्या वेळचा पाईप आत किती उरलाय ते एकदा अर्थ टेस्टर लावून बघून घ्या. नवा करायची वेळ आली तर पाईप निदान अडीच मीटर खोल जाऊ द्या, भोवती मीठ-कोळशाऐवजी बेंटोनाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारी माती, भरा, आणि जागा घराच्या भिंतीपासून दीडेक मीटर लांब पण ओलाव्याची निवडा. आपल्याकडे मोरीचं सांडपाणी केळींना, माडाच्या आळ्यात सोडतात ना, त्याच्या जवळपास केला तर मे महिन्यातही जमीन ओली राहते. विहिरीच्या काठाशी मात्र नको.

आता गळती शोधणं. घरातले सगळे प्लग काढा, सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा. मग एकेक एमसीबी वर करत जा, ज्याला पडला ती लाईन. सगळे एमसीबी खाली असतानाच पडला तर घाबरू नका, साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि न्यूट्रल कुठेतरी ओल्या भिंतीला किंवा अर्थच्या वायरीला टेकला असेल तरी आरसीसीबी पडतो. कोकणात पहिला संशय विहिरीवरच्या पंपाच्या केबलच्या जोडावर घ्यावा, टेप गुंडाळून केलेला जोड पहिल्या पावसात भिजतो. मग पडवीतला आणि अंगणातला दिवा, गोठ्यातला बल्ब, मागच्या भिंतीवरचा बोर्ड. बोर्डाच्या आत मुंग्यांनी माती भरलेली असते, ती भिजली की गळती. आणि घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाईनचा न्यूट्रल आरसीसीबीच्या पुढच्या न्यूट्रलशी एकत्र केलाय का ते तपासायला सांगा. यात गळती नसतानाही आरसीसीबी पडतो, आणि मग "हा आयटमच खराब" म्हणून तो काढून ठेवला जातो. वायरमनकडे मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, असेल तर लाईन सोडवून ५०० व्होल्टवर मोजू दे, एक मेगओहमच्या खाली आलं तर ती वायर बदलायची.

वर्षातले चार महिने भिंती ओल्या असणाऱ्या घरात आरसीसीबी काढून टाकायला सांगणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं, वायरमन कितीही जुना आणि घरोब्याचा असू दे.

प्रश्न: मुलगा न्यू जर्सीत आहे, त्याने जुनं घर घेतलंय. तिथेही म्हणे दोनच भोकांची सॉकेट आहेत. तिथे काय करतात?

तिकडे व्होल्टेज १२० आहे पण प्रश्न हाच, जुन्या घरांत ग्राउंडची वायरच नाही. त्यांच्या इलेक्ट्रिकल कोडमध्ये याला सरळ वाट दिलीये. नवीन वायर ओढता येत नसेल तर जीएफसीआय बसवून तीन भोकांचं सॉकेट लावायला परवानगी आहे, पण त्यावर "नो इक्विपमेंट ग्राउंड" अशी चिठ्ठी चिकटवावी लागते. जीएफसीआय म्हणजे आपल्या आरसीसीबीचाच भाऊ, फक्त जास्त हळवा, ५ मिलीअँपच्या आसपास पडतो. न्यूट्रलचा तुकडा तिकडेही बेकायदाच. मुलाला सांगा की घर घेताना इन्स्पेक्शन झालं असेल तर त्या रिपोर्टमध्ये हे लिहिलेलं असणार, ते बघ आणि लायसनवाला इलेक्ट्रिशियन बोलाव. ती चिठ्ठी घाण दिसते म्हणून काढू नको हेही सांगा. मला वाटतं ही चिठ्ठीची पद्धत आपल्याकडेही सुरू व्हायला हवी, निदान नंतर येणाऱ्या भाडेकरूला कळेल तरी.

प्रश्न: इस्त्रीची जाड पिन आमच्या जुन्या सॉकेटमध्ये जात नाही म्हणून ह्यांनी ती कापून टाकली. चालेल ना?

चालणार नाही. ती पिन उगाच लांब ठेवलेली नाही, प्लग घालताना ती आधी टेकते आणि काढताना शेवटी सुटते, म्हणजे इस्त्रीला करंट मिळतो तेवढा सगळा वेळ बॉडी अर्थला जोडलेली राहते. पिन कापल्यावर घरात उत्तम अर्थिंग असलं तरी तुमच्या इस्त्रीला ते नाही, आणि इस्त्री म्हणजे हातात धरायचं, पाण्याचं, लोखंडी पत्र्याचं काम. नवीन तीन पिनचा प्लग टॉप कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, तो बसवून घ्या, आत हिरवी वायर जाड पिनलाच लागलीये हे बघा, आणि सॉकेटही बदला. ज्या वस्तूवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, मोबाईलचा चार्जर वगैरे, त्याला दुहेरी इन्सुलेशन असतं, ती दोन पिनवर चालते. तुमच्या इस्त्रीवर ती खूण नसणार, उलटी करून बघा. तोपर्यंत कपडे चौकातल्या इस्त्रीवाल्याकडे द्या.